बाथरूममध्ये कोण असावं आणि कोण असणार

घरात बाथरूम एक आणि विचारवंत दोन. बिघडायला आणखी काही लागत नाही.

वडिलांनी तीस वर्षं कॉलेजात राजकीय तत्त्वज्ञान शिकवलं होतं. राज्य कुणी करावं, हे ते झोपेतही सांगत. मुलगा वर्तमानपत्रात निवडणुकांचे अंदाज लिहायचा. राज्य कोण करणार, एवढ्याशीच त्याला मतलब. दोघांचा एकमेकांवर जीव होता आणि एकमेकांच्या धंद्यावर काडीचा विश्वास नव्हता. बाप म्हणे, हा नुसती मुंडकी मोजतो. पोरगा म्हणे, बाबांचं न्यायी राज्य झकास आहे, फक्त तिथं माणसं राहत नाहीत.

त्या दिवशी धाकटीची साडेनऊला मुलाखत होती. दोन वर्षं अर्ज खरडल्यावर आलेलं पहिलं बोलावणं. ज्याची गरज मोठी त्याचा हक्क पहिला, तेव्हा आठ वाजता बाथरूम धाकटीचं, असा निवाडा वडिलांनी आदल्या दिवशीच देऊन टाकला होता. तत्त्व ठीक आहे, पण महिनाभर बघतोय मी, आठ वाजता आत आईच असते, असं मुलानं तिथल्या तिथं सुनावलं होतं. आणि आई आत गेली की पाऊण तास बाहेर येत नसे.

आठला दोघं पाहतात तर दार बंद. आत नळ धो धो वाहतोय.

"बघा. आई," मुलगा म्हणाला. अंदाज खरा ठरल्याचं हलकट समाधान त्याच्या तोंडावर पसरलं. वडिलांना भरदिवसा अन्याय दिसला. आत कोण आहे, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. शिकलेल्या माणसाला दार वाजवायची लाज वाटते. दाराबाहेर उभं राहून आतल्या माणसावर बोलायला मात्र त्याला भारी आवडतं.

सत्ता अन्यायी झाली की प्रजेनं सहकार्य काढून घ्यावं, असं वडिलांनी ठरवलं. पाणी तोडलं तर आई तीन मिनिटांत बाहेर येईल, असा मुलानं अंदाज दिला. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं आणि तिथंच घात झाला. जिन्यात दोन व्हॉल्व्ह होते. वडिलांनी त्यातला मोठा पिळला, तो अख्ख्या इमारतीचा निघाला. घाबरून उलटा पिळायला गेले, तर त्याचं चाकच हातात आलं.

नळ थांबला. आतून आवाज आला, "बाबा, पाणी गेलं. माझ्या डोक्याला साबण आहे."

तेवढ्यात आई खालच्या मजल्यावरून धाकटीचे इस्त्रीचे कपडे घेऊन वर आली. तिनं बंद दार पाहिलं, नवऱ्याच्या हातातलं चाक पाहिलं.

"दार वाजवलंत का?" तिनं विचारलं. "तुम्ही सांगता काय व्हावं, हा सांगतो काय होणार. करायचं कुणी? बादली घ्या आणि खाली पळा."

खालचा नळ रस्त्याच्या पाइपावरचा, म्हणून तेवढाच चालू होता. त्याच्यापुढं इमारतीतली सहा माणसं बादल्या घेऊन उभी होती आणि व्हॉल्व्ह बंद करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. घड्याळात साडेआठ.

मुलानं वडिलांच्या कानाशी लागून सांगितलं, "बोलू नका. कबूल केलंत तर थेंब मिळणार नाही. माणसं ओळखतो मी."

बोलावं, हे वडिलांना तीस वर्षांपासून ठाऊक होतं. बोलायची वेळ मात्र आजच आली होती. त्यांनी चाक वर धरलं. "हे माझं काम. मुलीची पहिली मुलाखत आहे हो. ती वर साबणात बसलीय."

सगळ्यात जास्त शिव्या घालणारा शिंपी नळाखाली होता. त्यानं आपली अर्धी भरलेली बादली उचलून वडिलांच्या हातात दिली, त्यांची रिकामी नळाखाली सरकवली आणि म्हणाला, "ही पोचवा आधी. शिव्या परत आल्यावर."

जिना चढताना मुलगा मागून येत होता.

"बाबा, हे माझ्या अंदाजात नव्हतं."

"माझ्या पुस्तकांतही नव्हतं रे," वडील धापा टाकत म्हणाले. "तिकडून धर कडी. सांडतंय."