ओल्या ठोशांचा कडता

पोटचं पोरगं बॉक्सिंगमध्ये मराठवाड्याचं अजिंक्यपद जिंकून आलं आणि बाप गावभर सांगत फिरतो की ते हरलं होतं, असा माणूस लातूरला येईपर्यंत मी पाहिला नव्हता. काशिनाथअप्पा आमचे घरमालक आणि शेजारीही. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि ओळख झाल्यावर दुसरंच वाक्य, "आमचा मल्लू हारलाय बगा. पंचानं उगंच जितविलंय त्याला."

मी मूळचा नांदेडचा. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आम्हा कारकुनांना इकडे बदलून टाकलं. नवा जिल्हा म्हणजे काय, तर नव्या पाट्या. पाट्यांवरचा रंग तेवढा ओला होता, बाकी सगळीकडे कोरडंठाक. पावसाने पाठ फिरवलेली, नळाला फुसफुस हवा यायची, आणि गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा तो त्याच्या मर्जीने. प्रत्येकाने आपली घागर रांगेत ठेवायची आणि लिंबाखाली जाऊन बसायचं, असा रिवाज पडला होता. माणसं सावलीत, घागरी उन्हात. बसून बसून बोलणार तरी काय? मग अप्पा मल्लूची कुस्ती, म्हणजे बॉक्सिंग, काढायचे.

हकीकत अशी. तोवर लातूरची पोरं उस्मानाबादच्या नावाने खेळायची. जिल्हा वेगळा झाला आणि त्या वर्षी पहिल्यांदाच लातूर आपल्या नावाने उतरलं. माल नसल्यामुळे मोंढा रिकामाच होता. ज्या ओट्यावर धान्याची हर्रासी व्हायची, त्यावरच दोर बांधून रिंग केली. शेवटची लढत मल्लू आणि नांदेड जिल्ह्यातल्या लोहा गावचा एक पोरगा यांच्यात झाली. पाच पंच. तिघांनी मल्लूला दिलं, दोघांनी लोह्याच्या पोराला. गुलाल उधळला, मिरवणूक निघाली आणि त्याच सर्टिफिकिटावर मल्लू खेळाडू म्हणून फौजेत भरती होऊन थेट आसामात गेला. मल्लूची आई आधीच वारलेली. एवढ्या मोठ्या घरात अप्पा आणि एक स्टो, एवढेच उरले.

अप्पांची अशी उलटी बाजू का, याचं गल्लीने सोपं उत्तर काढलं होतं. माणूस काट्याचा पक्का. मोंढ्यात त्यांच्या तोलाला कोणी नाव ठेवत नसे. "काटा बगावं, तोंड बगू ने," हे त्यांचं पालुपद. अशा माणसाने पोराच्या बाबतीतही काटा सोडला नाही, असं लोक कौतुकाने म्हणायचे आणि दोन मिनिटांनी कंटाळायचे.

सगळ्यात जास्त भांडायचे ते रसूलभाई. त्यांचं सायकलीचं दुकान, आणि मल्लूवर जीव. ती लढत त्यांनी गोदामाच्या पत्र्यावर बसून पाहिली होती.

"अप्पा, तिसऱ्या राउंडात मल्लूनं किती हानले? मोजता मोजता दमलो मी."

"मोजताव कशाला? तोला की. मल्लूचा ठोसा पावशेराचा. लोह्याच्या पोराचा येकेक दोन-दोन किलोचा."

"ठोसे काय तूर हाय का तोलायला?"

"तूरच समजा. अन् मल्लूचे ठोसे ओले होते. घामानं हात घसरून राहिला होता त्याचा. ओल्या मालाला कडता लागतो."

मोंढ्यात ओलसर धान्य आलं की वजनातून थोडं कापतात, तो कडता. अप्पा सख्ख्या लेकाच्या ठोशांना कडता लावत होते. रसूलभाई कपाळाला हात लावून म्हणायचे, "या अल्ला, असा बाप दुश्मनाला बी नको."

तोंडी पटलं नाही की अप्पा प्रात्यक्षिक करायचे. धोतराचा काचा मारून रांगेतल्या दोन घागरी समोरासमोर आणून एकमेकींवर आपटायचे, एक मल्लू, एक लोह्याचा. मल्लू व्हायची पाळी नेहमी गल्लीतल्या मथुराबाईंच्या घागरीवर. एकदा तिला पोचा पडला तेव्हा मथुराबाई शांतपणे म्हणाल्या, "अप्पा, तुमच्या लेकाला माज्या घागरीत घालू नका. पानी गळायलंय."

माझी अडचण निराळीच. मी नांदेडचा, म्हणजे लोह्याच्या बाजूचा, हे अप्पांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. "सायेब, तुमीच सांगा," असं म्हणून ते माझ्याकडे वळायचे. मी गल्लीतली मारामारीसुद्धा कधी शेवटपर्यंत पाहिलेली नाही. घसा कोरडा, डोकं तापलेलं. "अवघडच होतं अप्पा," एवढं पुटपुटायचो. ते त्यांना पुरायचं.

एकदा तर ते माझ्या ऑफिसात आले. खुर्चीच्या कडेवर टेकून हळूच विचारलं, "निकाल फिरवून मिळतो का हो हितं?"

मी म्हटलं, "अप्पा, हे महसूल खातं आहे."

"गावंच्या गावं ह्या जिल्ह्यातली त्या जिल्ह्यात केलीत की तुमी. येक निकाल फिरत न्हाई?"

मी हसून चहा मागवला. त्यांनी तो निमूट प्यायला आणि छत्री उचलून गेले. नंतर ही गोष्ट मी ऑफिसात रंगवून सांगितली.

मग तो उन्हाळ्यातला दिवस आला. सकाळपासून टँकरचा पत्ता नाही, सगळे वैतागलेले, आणि अप्पांनी नेमका तिसरा राउंड काढला. रसूलभाई उठून उभे राहिले. "बास. आज फैसला करून टाकू. पुन्ना हा विषय न्हाई." रांगेतलेच पाच पंच नेमले. रसूलभाई, मथुराबाई, मी, पिठाच्या गिरणीवाले आणि एक पोस्टमन. मथुराबाईंनी लढत पाहिलीच नव्हती, पण घागरीचा अनुभव धरला गेला. चौघांनी भराभर लोह्याच्या पोराला कौल दिला. रसूलभाईंना जड गेलं, पण गल्लीच्या शांततेसाठी त्यांनीही मान डोलावली.

"पाच-शून्य. मल्लू हारला. झालं समाधान?"

लिंबाखाली टाळ्या पडल्या. आता अप्पा खूश होतील, निदान गप्प होतील, असं आम्हाला वाटलं. अप्पांनी आम्हा पाचही जणांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मंग आता सोडतील का त्याला? हारलेला गडी फौजेत कशाला ठिवतील?"

अप्पाच पुढे बोलत राहिले. "दिवाळीला येतो म्हनला, आला न्हाई. बसवजयंतीला येतो म्हनला, तवाबी न्हाई. हारला असता तर माज्याजवळ दुकानात बसला असता. पोटभर शिव्या देल्या असत्या म्या त्याला."

इतके दिवस आम्ही ठोशांवर भांडत होतो आणि हा माणूस रोज आमच्यासमोर बसून आपलं पोरगं परत मागत होता. ऑफिसात मागायला आला तेही तेच. मथुराबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

रसूलभाई अप्पांच्या शेजारी खाली बसले. त्यांनी अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दिलेला फैसला मागे घेतला. "न्हाई अप्पा. झूट कशाला बोलू? जितला त्यो. साफ जितला."

"ठावं हाय मला," अप्पा म्हणाले. "म्या म्होरंच बसलो होतो. लई देखना खेळला."