मागच्या दाराची पायरी

"तुमचा तो महासंघ नक्की करतो तरी काय ओ?" संध्यावैनींनी विचारलं आणि मागच्या दारातून खाली उडी मारली.

उडीच म्हणायची. भाट्ये गावातल्या त्यांच्या घराला मागच्या बाजूला पायरीच नव्हती. वास्तुशांतीच्या दिवशी त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे ठेकेदार अनिलशेठनी, तिथे जांभ्याचे दोन चिरे एकावर एक ठेवले होते आणि "तात्पुरते हां" असं सांगितलं होतं. त्यानंतर शेठनी तालुक्यात ओढ्यांवर साकव बांधले, शाळा बांधल्या, एका देवळाला तर कुणी न मागता कमान काढून दिली. चिरे मात्र तात्पुरतेच राहिले, डुगडुगत.

"करतो काय म्हणजे?" शेठ हातातल्या कपबशीसकट ताठ झाले. अखिल भारतीय बांधकाम ठेकेदार महासंघाच्या रत्नागिरी शाखेचे ते अध्यक्ष होते. "वाळू अडली तर सरकारशी कोण बोलतो? महासंघ. सिमेंट भडकलं तर दर वाढवून कोण मागतो? महासंघ. गवंड्यांना प्रशिक्षण, कामगारांना हेल्मेट..."

"आणि पायरी?"

"ती स्थानिक बाब आहे."

शेठचं मन तेव्हा दिल्लीत होतं. उत्कृष्ट शाखेची ढाल यंदा रत्नागिरीला मिळाली, की केंद्रीय कार्यकारिणीतली एक खुर्ची शेठचीच. अडलं होतं एका अटीवर. शाखेच्या ग्राहक तक्रार निवारण कक्षाने निदान एक तरी तक्रार निकाली काढलेली हवी. कक्ष होता, कक्षाला पाटी होती, पाटीला हार होता. तक्रार तेवढी नव्हती. रत्नागिरीचा माणूस ठेकेदाराला शिव्या घालतो त्या चहाच्या टपरीवर, मासे घेताना, नाटकाच्या मध्यंतरात. इतकं फुकटचं सुख कार्यालयात नेऊन कोण जमा करणार?

"तूच एक तक्रार कर गो," शेठ म्हणाले. "न्हाणीघरातला नळ गळतो म्हण. मी वायसर बदलतो, मिटला विषय."

"करीन की," वैनी म्हणाल्या. फार सहज म्हणाल्या. शेठनी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

तक्रार आली ती पायरीची. शाखेचे सचिव स्वरूप भाटकर हे एरवी प्रत्येक टेंडरात शेठच्या विरोधात उभे असत. त्यांनी ती त्याच मिनिटाला दिल्लीला कळवली आणि शेठना म्हणाले, "पारदर्शकता ओ, दुसरं काय!" स्वतःच्याच प्रकरणाचा निवाडा अध्यक्षाला करता येत नाही, असा महासंघाचा नियम. म्हणजे निवाडा स्वरूपकडे.

रविवारी स्वरूप टेप घेऊन जागेच्या पाहणीला आले. वैनींनी घावणे आणि नारळाचा रस पुढे ठेवला. पाहणी स्वयंपाकघरातच बराच वेळ चालली.

"ठेकेदाराचं म्हणणं काय?" तिसरा घावणा रसात बुडवत स्वरूपनी विचारलं.

ठेकेदार स्वतःच्याच घरात दारापाशी उभा होता. "वाळूचा तुटवडा."

"रत्नागिरी शाखेमुळे वाळूचा प्रश्न सुटला, असं तुमीच बोललात गेल्या अधिवेशनात," वैनी म्हणाल्या. शेठची सगळी भाषणं त्यांना पाठ होती. त्या मासे साफ करायला बसल्या की शेठ त्यांच्यासमोरच सराव करत.

"कुशल गवंडी मिळत नाय."

"सर्टिफिकेटं वाटतानाचा फोटो पडवीत टांगलाय. त्यातल्या एकालाही पायरी येत नाय?"

शेठनी शेवटचा बाण काढला. "ग्राहकाने जागा मोकळी करून दिली नाही."

"त्या चिऱ्यांवरून मी कोळंबीच्या टोपासकट पडले, तेव्हा जागा चांगली मोकळी होती."

स्वरूपनी हात धुतले आणि निवाडा दिला. पायरी बांधावी, नाहीतर अध्यक्षांनी खुर्ची रिकामी करावी. 'रिकामी' हा शब्द त्यांनी रसासारखाच चवीने घेतला.

दिल्लीवाले मात्र खूष झाले. अध्यक्षाच्या घरातली तक्रारही न दडपणारी शाखा! राष्ट्रीय उपाध्यक्ष बंसलसाहेब गोव्याला जाता जाता पायरी बघायला थांबणार, असा निरोप आला. शेठनी रघू गवंड्याला फोन लावला.

"स्लॅबवर हाय शेठ. परवा येतंय."

"परवा दिल्ली येत्येय मेल्या!"

शेवटी लुंगी खोचून शेठच बसले. थापी हातात धरून त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि पाणी किती घालायचं, याचा अंदाज पार गेला होता. कशीबशी पायरी उभी राहिली. वरचा थर बंसलसाहेबांच्या दिवशी सकाळी घोटला आणि त्यावर ओलं गोणपाट टाकलं.

साहेब वेळेआधीच उतरले. "वाह! एक शिकायत, एक पायरी! फोटो लो भाई!"

"साहेब, जरा लांबून..." शेठ पुटपुटले.

"लांबून कशाला? गोणपाट काढा की, पायरी दिसू दे. वर उभे राहा साहेब," स्वरूप अगत्याने म्हणाले.

साहेबांनी एक पाय ठेवला आणि तो घोट्यापर्यंत खाली गेला. पाय वर आला, बूट आला नाही. बूट काढला तेव्हा मागे राहिला एक खोल, सुबक ठसा, तळव्यावरच्या नक्षीसकट.

ढाल मिळाली. कार्यकारिणीतली खुर्चीही मिळाली. ठसा बुजवायला मात्र शेठ तयार होईनात. "राष्ट्रीय पाऊल आहे ते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. त्यात पाणी साचे आणि कोंबड्या ते पीत. वैनींचा पाय मात्र रोज त्यातच मुरगळे. "बुजवा ओ," त्या म्हणत. "इतिहास आहे गो," शेठ म्हणत.

पहिल्या बैठकीला निघायच्या दिवशी शेठ इस्त्रीचे कपडे बॅगेत भरत होते, तेवढ्यात दिल्लीहून फोन आला. अभिनंदन, रत्नागिरी शाखेची दुसरी तक्रारही दाखल झाली आहे. ती निकाली निघेपर्यंत संबंधित ठेकेदाराला बैठकीला बसता येणार नाही.

"दुसरी? कुणाची?"

"तुमीच परवा पाठ करत होतात ना," स्वयंपाकघरातून वैनींचा आवाज आला, "काम पुरं करून दिल्यावर वर्षभर दोषाची जबाबदारी ठेकेदाराची म्हणून?"

शेठ धावत आत गेले. स्वरूप पाटावर बसले होते. मांडीवर टेप, पुढ्यात घावणे.

"बोला," तोंडातला घास एका गालात सारत ते म्हणाले, "ठेकेदाराचं म्हणणं काय?"