झोपेचं कोण बघतं?

आजोबा नातीला घेऊन पाळणाघरात शिरले, तर आत सगळ्याच बायका निळ्या एप्रनमध्ये. आजी गेल्यापासून घरी पोरीला सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे आजोबा होते, पण सुनेनं त्यांना हिशेबात धरलं नव्हतं. "तुम्ही फक्त सोडून या, बाबा," एवढंच ती म्हणाली होती.

पण पोरीला झोपताना कुणाचा तरी कान धरायला लागायचा. इतके दिवस आजीचा होता. अलीकडे ती आजोबांच्या कानावर कसंबसं भागवत होती. हे इथं कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"हिला झोपताना कान लागतो," त्यांनी समोरच्या पहिल्या एप्रनला सांगितलं.

"मी स्वयंपाकाची. तिखट खाते का, ते बोला."

"नाही खात."

"मग झालं माझं काम."

दुसरी म्हणाली, "मी गाणी-गोष्टी घेते, आजोबा. झोपेचं दुपारच्या ताई बघतात." तोवर नात बोट सोडून ठोकळ्यांकडे पळालीसुद्धा. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

आजोबांचं डोकं तापलं. तिसरी फरशी पुसत होती. "अहो, जरा कोरडं पुसा! पोरं घसरतील. मालकीणबाईंना सांगेन मी."

"सांगा की," ती फडकं पिळत म्हणाली. "मीच ती. पुसणारी आज आली नाही."

आजोबा ओशाळून मागे सरकले, ते थेट बादलीत. पाणी खोलीभर झालं. एक पोरगं घसरून रडायला लागलं, त्याचं बघून बाकीच्यांनीही सूर लावला. स्वयंपाकाची बाई धावत बाहेर आली आणि आत दूध उतू गेलं.

"आजोबा," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही बसा बरं एका जागी."

ते बसले. मुलांच्या खुर्चीत, ओल्या पायजम्यानं, गुडघे हनुवटीला लावून. आजी असती तर पोट धरून हसली असती. आता घरी जाऊन हे सांगायचं तरी कुणाला?

दुपारच्या ताई आल्या तेव्हा आजोबा उठले, आणि खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. ती ओढून काढता काढता त्यांनी कानाचं सगळं सांगून टाकलं. ताईंनी त्यांना आतल्या खोलीच्या दारापाशी नेलं. सतरंजीवर नात गाढ झोपली होती. शेजारच्या अनोळखी पोराचा कान तिच्या मुठीत होता, आणि तोही बिनतक्रार घोरत होता.

"बघा, काही अडलं नाही. निवांत घरी जा तुम्ही."

"हो," आजोबा म्हणाले. बरं वाटायला हवं होतं, पण त्यांचा हात उगाच स्वतःच्या कानाकडे गेला.

ते फाटकाशी पोचतात तोच दुपारच्या पाळीला उशीर झालेली एक आई धावत आली. तिनं रडणारं बाळ सरळ त्यांच्या हातात दिलं. "काका, इथलेच ना तुम्ही? तुम्ही काय बघता?"

"मी? मी काहीच बघत नाही हो," आजोबा म्हणाले.

पण ऐकायला ती थांबली होती कुठे? ती कोपऱ्यावरून वळलीसुद्धा, आणि तिचं बाळ आजोबांच्या खांद्यावर डोकं टाकून गप्प झालं होतं.