बदल नसेल तर बघू नये

"पोरी, खूण करणाराच विसरला, तर पुढचे सगळे आंधळे होतील," एवारिस्तो म्हणाला होता. तो कंपनीतला सर्वांत जुना इंजिनिअर. योलांदाने "विसरेल कशाला?" म्हणत चीजचा गरम पाव त्याच्यापुढे सरकवला आणि विषय संपवला.

ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोंते शहरातल्या त्या कंपनीत कंपायलर तयार होई. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवायचा आणि उतरवताना त्यातली अडगळ काढायची, हे त्याचं काम. त्यासाठी तो फेऱ्यांवर फेऱ्या मारी. आधीच्या फेरीत काडी हललेली नसली, तरी पुढची फेरी सगळं घर पुन्हा उपसून बघे. तिथलीच इंजिनिअर असलेल्या योलांदाने त्याला शिस्त लावली. बदल झाला तिथे खूण करायची. खूण नसेल तिथे पुढच्या फेरीने डोकवायचंही नाही. कंपायलर असा पळू लागला, की लोकांची कॉफी प्यायची सवड गेली.

संचालक ग्लाउसियो भारावले. हे तत्त्व नुसत्या यंत्राला देणं हा माणसांवर अन्याय आहे, असं त्यांचं मत पडलं आणि ते सर्व विभागांना लागू झालं. केराच्या टोपल्या ओसंडू लागल्या, पण खूण नसल्यामुळे त्या अधिकृतपणे रिकाम्या होत्या. लिफ्ट बंद पडली. तशी खूण करणारा गृहस्थ आतच अडकला होता. योलांदा हसली. तिला नुकतीच बढती मिळाली होती.

मग तत्त्व तळमजल्यावरच्या पाळणाघरात पोचलं. तिथे तिचा सीसेरो होता, नुकता बसायला लागलेला. सकाळी त्याचं अंग जरा कोमट लागलं होतं, म्हणून तिने फोन केला.

"नेउझाबाई, बाळ कसं आहे?"

"बदल नाही."

"जरा कपाळाला हात लावून बघता?"

"बदल नसताना हात लावायचा नाही, बाई. तुमचंच ना हे डोकं?"

"पण बदल झाला हे कळणार कसं?"

"बघितल्यावर."

"मग बघा ना."

"खूण कुठाय?"

मागे कुणीतरी रडत होतं.

"कोण रडतंय ते?"

"तुमचाच. पण सकाळपासून एकसारखा रडतोय. म्हणजे बदल नाहीच."

योलांदा जिना धावत उतरली. दारात पहारेकरी वाल्देसीर उभा.

"सकाळी बाळ सोडून गेलात त्याच आई तुम्ही. बदल नसताना आत कसं सोडू?"

"बाळाची आई बदलली."

"असं होय." त्याने आदबीने दार उघडलं. "या. आधीच्या बाई फार हुशार होत्या म्हणतात."

सीसेरो तव्यासारखा तापला होता. तिने त्याला उचलून थेट दवाखाना गाठला. संध्याकाळी कुठे ताप उतरला. पाठोपाठ संचालकांचा निरोप आला: बाळ सकाळी होतं तसंच आहे, सबब काहीही घडलेलं नाही.

मांडीवर झोपलेल्या सीसेरोच्या कपाळावरचा हात योलांदाने अजून काढलेला नाही. तुम्हाला तिचं एवढंच सांगणं आहे. आतल्या खोलीतून मघाशी कुणीतरी "मी बरी आहे" म्हणालं, आणि त्या भरवशावर तुम्ही इथवर वाचत आलात. जरा उठून बघून या.