पाणवठ्यावरचे काचेचे अण्णा

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात, म्हणजे कुठल्या ते विचारायचं नाही, एक साळिंदर राहत होता. त्याचं नाव साळोजी.

साळोजी काचेवर चित्रं कोरायचा. काचेवर चिकट कागद लावायचा, आपल्याच अंगावरच्या काट्याने त्यात चित्र कापायचं आणि मग नळीतून जोराने वाळू मारायची. कागद जिथे सोलला असेल तिथे वाळू काच खाते. शेवटी ती काच एलईडी दिव्यांच्या लाकडी बैठकीत उभी करायची. बटण दाबलं की खालून उजेड चढतो. कोऱ्या काचेत तो दिसतही नाही. जिथे काच खरवडली आहे तिथेच तो बाहेर पडतो, आणि चित्र हवेत तरंगल्यासारखं दिसतं.

कला मोठी होती, पण गिऱ्हाइकं छोटी. सशांच्या बिळांवरच्या पाट्या आणि माकडांच्या लग्नातले आहेर. 'चि. सौ. कां.' कोरून कोरून साळोजी विटला होता. आपल्या हातून काहीतरी भव्य व्हावं, असं त्याला फार वाटायचं.

त्याच सुमारास वाघसाहेबांनी पाणवठ्यावर शिंगाडेअण्णांना खाल्लं.

अण्णा म्हणजे चितळांच्या कळपातले सर्वांत वडीलधारे. तसं वाघसाहेबांनी आजवर पुष्कळांना खाल्लं होतं, पण अण्णांना सगळा कळप मानायचा. चितळांनी पाणवठ्यावर येणंच सोडलं. ते लांबच्या ओढ्यावर जाऊ लागले. दहा दिवसांत वाघसाहेबांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

अकराव्या दिवशी साळोजीच्या दारात एक तरस येऊन उभा राहिला. हे हसमुखराव. वाघसाहेबांनी टाकलेलं उरलंसुरलं खाता खाता ते जंगलाचे सांस्कृतिक सचिव झाले होते.

"साळोजी, अण्णांचं स्मारक करायचंय," हसमुखराव म्हणाले. "पुरुषभर उंच काच. पाणवठ्याच्या अगदी काठावर. साहेबांना फार लागलंय हो मनाला."

"पण अण्णांना तर साहेबांनीच..."

"म्हणूनच तर लागलंय! दुसऱ्या कोणी खाल्लं असतं तर साहेब कशाला हळहळले असते?"

साळोजीला हे पटलं नाही. पण पुरुषभर उंच काच! त्याने मान डोलावली.

अण्णांच्या बायकोला, पारूकाकूंना, ही बातमी कळली. त्या रोज येऊन साळोजीसमोर बसू लागल्या. हातातलं काम थांबवून तो त्यांना चित्र दाखवायचा.

"यांचं डावं शिंग टोकाला मोडलेलं होतं रे," त्या एकदा म्हणाल्या. "अस्वलाच्या पिल्लाला काट्यांतून ओढून काढताना मोडलं."

साळोजीने मोडकं शिंग कोरलं. काकूंनी ते नाकाने हुंगून पाहिलं. मग म्हणाल्या, "खाली नाव लिहिशील ना?"

"लिहिलंय की. कै. शिंगाडेअण्णा."

"यांचं नाही. ज्याने खाल्लं त्याचं."

साळोजीच्या पाठीवरचे काटे ताठ उभे राहिले. त्याने ते कसेबसे दाबून बसवले.

"जागा नाही उरली, काकू," तो म्हणाला.

काचेवर दोन हात कोरी जागा होती. काकूंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवून त्या निघून गेल्या.

उद्घाटन तिन्हीसांजेला झालं. वाघसाहेबांनी पंजाने बटण दाबलं आणि पाण्याच्या काठावर अण्णा उभे राहिले. सगळे चितळ हुंदके देऊन रडले. वाघसाहेब तर इतके रडले की त्यांना दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. साळोजीला शाल मिळाली. त्याच्या काट्यांनी ती लगेच फाटली, पण फोटो आधीच काढून झाला होता.

मग चितळ रोज तिन्हीसांजेला येऊ लागले. उजेडाकडे टक लावून उभे राहायचे. झगमगाटाने त्यांचे डोळे दिपायचे आणि काचेमागच्या झुडपांत काय हलतंय ते दिसायचं नाही.

पाचव्या दिवशी वाघसाहेबांनी झुडपातून उडी घेतली. पारूकाकू सगळ्यांत पुढे, काचेला नाक लावून उभ्या होत्या.

चितळांनी दुसऱ्या दिवशी तातडीची सभा घेतली. फार गरमागरमी झाली. एकाच रंगाचा उजेड कंटाळवाणा होतो, तो बदलता असावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

साळोजीने मात्र दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हसमुखराव ढेकर देत आले.

"काकूंचं स्मारक करायचंय. अण्णांच्या शेजारी. जोडीने शोभून दिसतील."

"मला जमणार नाही," साळोजी म्हणाला. "माझी काच बघता बघता त्या गेल्या. माझ्या काचेने त्यांचा जीव घेतला, हसमुखराव."

"वा!" हसमुखरावांनी टाळी वाजवली. "कलेत एवढी ताकद असते! हे वाक्य साहेबांच्या भाषणात घालतो. आणि हो, यंदाचा 'वनकलाभूषण' तुम्हालाच द्यायचं ठरलंय."

साळोजी खाली मान घालून बसला. त्याच्या डोळ्यांसमोर काकू उभ्या राहिल्या, त्या दिवशी निघून जाताना दिसल्या होत्या तशा. मान किंचित वळलेली, कान मागे पडलेले.

मग त्याने विचारलं, "काच जाड मिळेल का? मानेचा तो बाक खोल कोरावा लागेल."

काच जाड मिळाली. साळोजीने रडत रडत कोरली. ते त्याचं आजवरचं सर्वांत सुंदर काम झालं, असं सगळेच म्हणतात. आता पाणवठ्यावर अशा सतरा काचा उभ्या आहेत. रंग बदलणाऱ्या.

घ्या, आता वहीत तात्पर्य उतरवून घ्या: मेलेल्यांचं स्मारक करायचं काम नेहमी जिवंतांना खाणाऱ्याकडूनच घ्यावं. कलेची कदर होते, आणि विषय कधी कमी पडत नाहीत.