शरणप्पा मास्तरांचं मुंडीचं तेल

शरणप्पा मास्तर आधी माणसाचा वास घेत, मग नमस्कार करत. हुमनाबादच्या शाळेत मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझ्या धोतराचा सोगाच नाकाशी नेला. "ओढ्याकडनं आलात व्हय? भांबुर्डा तुडवलात." खरंच तुडवला होता.

ते विज्ञान शिकवत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. रविवारी पिशवी घेऊन चिटगुप्प्याच्या वाटेवरची रानं पालथी घालायचे. गोरखमुंडी, भांबुर्डा, सगळी शेवंतीच्या गोतातली रानटी झुडपं. लोक उपटून बांधावर फेकत, हे छातीशी धरून आणत. परसात तांब्याच्या हंड्यात ती उकळायची, झाकण कणकेनं लिंपायचं, वाफ नळीनं गार पाण्यातून न्यायची. दिवसभर खपल्यावर बाटलीतल्या पाण्यावर तेलाचे चार थेंब तरंगत.

"आता सांगा, आत कोण कोण राहतंय?" अण्णा विचारत. तेल म्हणजे त्यांच्या लेखी बिऱ्हाडांनी भरलेलं घर. "मुंडीत एकजण कापराच्या नात्यातला हाय. बाकीचे ओळख देईनात."

एकदा कुणीतरी चुगली केली, मास्तर दारू गाळतात म्हणून. आबकारीचे जमादार दोन शिपाई घेऊन परसात शिरले. आता नोकरी जाणार, असं मला वाटलं. अण्णा मात्र हरखले. प्रयोग बघायला आपणहून आलेली ही पहिलीच माणसं! "बसा. झाकण उघडू नगा, वाफ जाती." जमादारांना त्यांनी चूल फुंकायला लावली. संध्याकाळी लालसर तेल दिसलं. जमादारांनी हुंगून पाहिलं.

"इसमें नशा किधर है, मास्टरसाब?"

"नशा मला हाय," अण्णा म्हणाले.

जमादार हसत गेले. अण्णांनी तेल दोन बाटल्यांत वाटून भरलं. कपाटातही प्रत्येक तेलाच्या दोन-दोन बाटल्या होत्या. मी एक मागितली.

"ती कादिरची हाय."

हैदराबादच्या कॉलेजात दोघं एका टेबलावर शिकले. अण्णांनी तेल काढायचं, कादिरनं त्यातले घटक वेगळे करायचे, असं ठरलेलं. अठ्ठेचाळीसच्या पोलीस कारवाईनंतर कादिर कराचीला गेला. पत्ता आलाच नाही.

"मग त्याची बाटली कामून भरायलात, अण्णा?"

"समदं मी एकट्यानंच हुडकलं तर तो भांडंल की."

त्यांनी कादिरच्या बाटलीवर झाडाचं नाव उर्दूत लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत हळूहळू फुंकर घालत राहिले.