मातीत जाणारी पिशवी

शास्त्रज्ञांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की घरच्यांनी आपापला जीव सांभाळावा. शास्त्रज्ञ हे गल्लीनं ठेवलेलं नाव. एरवी ते पॅकिंगच्या कारखान्यात नोकरीला होते, आणि तिथे त्यांनी मक्याच्या स्टार्चपासून एक पिशवी बनवली होती. दिसायला थेट प्लास्टिक, पण मातीत पुरली की मातीच होणार. हे ते दूधवाल्यालाही थांबवून सांगत.

त्यांची बायको गच्चीवर गांडूळखत करायची. इतकी वर्षं शेजारपाजारी फुकट वाटल्यावर तिला पहिली खरी ऑर्डर मिळाली होती, तीही एका मोठ्या रोपवाटिकेची. माल पसंत पडला तर कायमचं काम. ती जुन्या पोत्यांत खत भरायला निघाली होती, पण हा माणूस ऐकतोय कुठला! असलं नैसर्गिक खत आणि प्लास्टिकच्या पोत्यात? शोभतं का ते?

त्यांनी पिशवीची कसून परीक्षा घेतली. विटा भरून टांगली, जिन्यावरून गडगडत सोडली, शेवटी वर सासूबाईंना बसवलं. पिशवी जशीच्या तशी. मग तशाच पिशव्यांत खत भरून त्या गच्चीवर रांगेनं मांडल्या.

काही दिवसांनी बायकोनं एक पिशवी दाबून पाहिली. म्हणाली, "अहो, ही मऊ लागतेय."

"श्वास घेतेय ती," शास्त्रज्ञ कौतुकानं म्हणाले. उन्हानं तडकू नये म्हणून त्यांनी वर ओलं गोणपाटही पांघरलं, आणि रोज त्यावर पाणी शिंपडलं.

माल पोचवायच्या दिवशी पिशव्या टेंपोत कशाबशा चढल्या. रोपवाटिकेच्या मालकांनी पहिली पिशवी वरच्या दोन टोकांना धरून उचलली. टोकं हातात आली आणि खत बुटांवर. दुसरीचा तळ गेला. तिसरीत उचलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बायकोचे डोळे भरून आले. गेली आता ऑर्डर!

शास्त्रज्ञ मात्र गुडघ्यांवर बसून पिशवीची चिंधी उजेडात धरून बघत होते. तिच्यातून एक गांडूळ निवांत बाहेर येत होतं. "मी सहा महिने धरले होते," ते हरखून म्हणाले, "आणि ही पंधरवड्यात विरघळली!" मग त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि चिंधी हळूच खाली ठेवली. ओलसर जिवंत खताची परीक्षा तेवढी राहूनच गेली होती.

मालकांनी मूठभर खत उचललं, हुंगलं, बोटांत चुरलं. पिशवी नेमकी कशानं गेली, असं त्यांनी विचारलं. खतानं खाल्ली, शास्त्रज्ञ खालच्या आवाजात म्हणाले.

"एवढी जाड पिशवी? पंधरवड्यात?" मालक शास्त्रज्ञांच्या बायकोकडे वळले. "बाई, इतकं जोमदार खत मी अजून पाहिलं नाही. दर महिन्याला लागेल मला."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुढच्या वेळी कशात भरून आणू, असं विचारलं.

"कशातही आणा," मालक बूट झटकत म्हणाले, "फक्त यांच्या पिशवीत नको."

शास्त्रज्ञांना यावर बरंच बोलायचं होतं. पण तोवर कुणीतरी त्यांच्या हातात खराटा दिला होता, आणि टेंपो अजून अर्धा झाडायचा होता.